फूटबोर्डवरचा माणूस

माझा बाप घरातसुद्धा आडवा चालायचा.
अरुंद पॅसेजमधून, तोंड भिंतीकडे, पाठ मोकळी,
एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर हात टाकत,
जणू सरी हिल्सच्या त्या भाड्याच्या घराखालून
जॉर्ज स्ट्रीट धावतोय
ताशी वीस मैलांनी.

बावीस वर्षं कंडक्टर होता, क्लॅरी ट्रॅन्टर.
त्या हिरव्या-सायरंगी ट्रामला आतून जायला वाटच नव्हती.
बाकं या कडेपासून त्या कडेपर्यंत,
म्हणून बाहेरच्या फळीवर लोंबकळत तिकिटं फाडायची,
पावसात, खाऱ्या वाऱ्यात,
शेजारून जाणाऱ्या लॉऱ्यांना कोटाचं टोक घासत.
मिक डूली पडला. थोरला ऑस्करही.
बापाला विचारलं तर म्हणायचा,
"मी पडलो नाही कधी. एकदोनदा लवकर उतरलो, एवढंच."

एकसष्टच्या फेब्रुवारीत शेवटची गाडी गेली.
आम्ही पोरांनी रुळावर पेनी ठेवल्या, चपट्या करून घ्यायला.
मग रँडविकच्या आवारात त्या जाळायला लागले.
बापाला काम मिळालं
आगीच्या आधी पितळ आणि काचा काढून घ्यायचं.
धुराला वार्निशचा वास होता,
आणि, आई म्हणायची, शहरभरच्या बुडांचा.
एकदा तो घंटेची चामडी दोरी घेऊन आला.
आईनं तिच्यावर पॅशनफ्रूटचा वेल चढवला.
त्या वर्षी फळं फार आंबट निघाली.

बसवर तीन आठवडे टिकला.
"हिला दार आहे," एवढंच बोलला,
आणि एका मंगळवारी पसार झाला.
बॉन्डायच्या ट्रामसारखा, असं म्हणतात आमच्याकडे.
बॉन्डायला ट्राम जायची बंद झाली
तरी म्हणत राहिले.

अकरा वर्षं.

मग एकदा दारात उभा, पत्र्याची पेटी घेऊन,
चौकट धरून.
आईनं कांदा चिरणं थांबवलं नाही.
"तिकीट?" तिनं विचारलं.
त्यानं खरंच खिसे चाचपले,
आधी डावा, मग उजवा, मग टोपी काढून टोपीत पाहिलं.
हसलं कुणीच नाही.
मी एक ताट जास्त मांडलं.
कुठे होतास, हे त्याला कुणी विचारलं नाही,
तो गेला तोपर्यंत,
आणि आता विचारायला मी एकटीच आहे.

परवा-परवा जॉर्ज स्ट्रीट खणला, तेव्हा
डांबराखाली काही जुने रूळ निघाले,
उपटून न्यायचाही कंटाळा केलेले.
फरीद नावाच्या मुकादमानं कठड्याआड घेतलं मला,
"एकच मिनिट हं, आजी."
लोखंडाला हात लावला.
जुलैतल्या फरशीसारखं गार.

आता नवी ट्राम येते. लाल, लांब,
इथे तर डोक्यावर तारही नाही तिला.
कार्ड टेकवलं की खांब टिक करतो.
दारं आपली आपण मिटतात,
पडायची सोयच ठेवलेली नाही कुणी.
आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं.
मी चालते. सरळ.
कुणी बघत नसेल तर
थोडी आडवी.

रँडविकला जाते, काम नसलं तरी.
खिडकीपाशी बसत नाही, ती जागा मोकळी ठेवते.
पर्समध्ये ती चपटी पेनी आहे,
राजाचं नाक गालभर पसरलेली.
कुठलंच यंत्र घेत नाही ती.
बाहेरून कुणी हात आत घातलाच
तर द्यायला तेवढीच आहे.