लखी

आधी वजन. अडीच ग्रॅम भरलं.
मग मुर्तझाच्या पेटीच्या लोखंडी कडेवर वाजवलं:
खणखणीत.
मग भिंग.

"काका, नीट बघा, गिऱ्हाईक सहाला येणार,"
म्हणतो मुर्तझा, आणि टॉर्च धरतो.
फोर्टातल्या या फुटपाथवर माझं काम एवढंच,
चहावर आणि तो देईल त्यावर:
चूक खरी की खोटी, सांगायचं.

खोट्या चुका पुष्कळ येतात.
कानशीने खाल्लेली कड,
दोन नाणी शिकंजात चेपून उठवलेला ठसा.
त्यात पाठ सपाट होते, लगेच कळतं.
परवा एकाने तेजाबात बुडवलेले आठ आणे आणले,
"साहेब, पातळ पत्र्यावर पडलंय."
पातळ तू केलंस, म्हटलं.

हे तसलं नाही.
एका अंगाला पंचवीस, साल सत्त्याहत्तर,
सालाखाली हिरा. म्हणजे आमचीच टाकसाळ.
उलटवलं तर पुन्हा तेच पंचवीस,
आरशातलं, आत खचलेलं.
सिंह नाहीतच.

आधीचं नाणं सिंहाच्या ठशाला चिकटून बसतं,
निघता निघत नाही.
मागून कोरी चकती येते.
तिच्या वाट्याला सिंह येत नाहीत,
येतो पुढच्याचा चेहरा, उलटा.
तोच अंगावर घेऊन ती बाहेर पडते.

बाजार याला लखी म्हणतो.
आम्ही रद्द म्हणायचो
आणि भट्टीच्या डब्यात टाकायचो.

सत्त्याहत्तर साली पावलीच्या पट्ट्यावर, दिवसपाळीला,
मी आणि पास्कल डाबरे.
संध्याकाळी दारात झडती: डबा, चपला, टोपीचं अस्तर.
पास्कलला जाऊन अकरा वर्षं झाली.
जांभई देताना तोंडावर हात धरायचा नाही,
म्हणजे त्याच्यावर ढकलता येईल.

पण पट्टा माझ्या डाव्या हाताला होता.
लाखांत एक, आणि ते माझ्या बोटांखालून गेलं.
मी कुठे बघत होतो?
खोलीचं भाडं थकलं होतं, ते आठवतं.
खिडकीला जाळी होती, पलीकडे बंदराचा भोंगा.
पगार चारशे बारा.
बाकी काही दिसत नाही,
टॉर्च कितीही जवळ धरला तरी.

"बोला ना काका. आठ हजार सांगू?"

सदऱ्याच्या टोकाने मी भिंग पुसतो.
"अस्सल आहे," म्हणतो.
"दहा सांग."