आधीचा ठोका

अंबडच्या कंपनीत मी दिवसभर मायक्रॉन मोजते.
बुशचं भोक दोन मायक्रॉननं मोठं निघालं
की ते लाल पेटीत जातं.
माझी सुट्टी बुधवारची. बुधवारी मी गंगेवर जाते,
गळ्यात मावसभावानं विकलेला कॅमेरा, मीटर मेलेला,
आत छत्तीस फोटोंचा रोल, नऊशे रुपयांचा.
चार वेळा बटण दाबलं की एक मिसळ गेली,
असा माझा हिशोब.

मीटर नाही, म्हणून ऊन डोळ्यांनी मोजायचं.
दुतोंड्या मारुतीच्या शेंदरावर एक ऊन,
त्याच्याच सावलीतल्या मेथीच्या जुड्यांवर दुसरं.
मी तळहात पुढे धरून उजेड वाचते.
बाजारातल्या बायकांना वाटतं, पाऊस बघतेय.
जानेवारीत.

गिरणाऱ्याची कडूबाई पदर सारखा करून बसली,
ताठ, आधार कार्डावरच्यासारखी.
मी बटण दाबलं.
“दाव.”
“लगेच नाही दिसत, मावशी. रोल संपला की धुवायचा.”
तिनं कॅमेरा उलटून पाहिला. पाठीला नुसतं काळं कातडं.
“म्हंजे उधारीच की,” म्हणाली
आणि शेजारणीकडे बघून हसली.
ते हसू मला मिळालं नाही,
मी रोल पुढे सरकवत होते.

गांधी तलावावर उडी मारणारं पोर:
नंतर पाहिलं तर वरच्या कडेला
दोन ओले तळपाय,
बाकी सगळं पाणी.
लाल पेटीतलाच माल. अजून टाकला नाही.

कडूबाईमुळे एक लबाडी शिकले.
माणूस फोटोसाठी श्वास धरतं,
“झालं” म्हटल्यावर सोडतं.
म्हणून आधी लेन्सचं कडं एक घर फिरवायचं, कट्,
(उजेड आधीच एका घरानं चुकवून ठेवायचा)
आणि म्हणायचं, “झालं.”
खांदे उतरतात, चेहरा घरी परततो.
मग खरं बटण.
अकरा जणांना फसवलं असं.
शेवंती तोलणारा, बोहोरपट्टीतले अत्तरवाले फिदाहुसेन,
माझी आई.

बारावे विसूकाका वडके, भांडी बाजारात,
मांडीशी घागर घेऊन मठारत बसलेले.
पंचावन्न वर्षं ठोके ऐकून उजवा कान गेलेला,
डावा माझ्याकडे.
कट्. “झालं, काका.”
खट्.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
“आधीचा ठोका पोकळ होता. नंतरचा भरीव.
दोन कशाला वाजवलेस?”
मी कातड्याचा पट्टा उगाच सारखा केला.
“आम्हीपण मारतो एखादा रिकामा, ऐरणीवर,
हात जागा राहावा म्हणून.
पण तो भांड्यावर मारला, असं गिऱ्हाइकाला सांगत नाही.”

रात्री न्हाणीघर, दाराच्या फटीला ओला टॉवेल,
अंधारात रिळावर चढत नाही म्हणून तीनदा शिवी,
नळाचं गार पाणी वीस अंशांवर आणायला किटली.
सकाळी दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, चिमट्याला
छत्तीस उलटी माणसं, काही नुसत्या भिंती.
विसूकाकांच्या पांढऱ्या मिशा काळ्याभोर.
आईचे केस एका रात्रीत पिकलेले.
आणि घागरीच्या पोटात, इवलीशी, वाकडी,
एक बाई. चेहऱ्याच्या जागी कॅमेरा.
तिनं श्वास धरलाय की सोडलाय, कळेना.
तिला कुणी “झालं” म्हटलेलं नव्हतं.

कडूबाईला तिचा फोटो दिला.
“ह्ये मी न्हाई. ही माझी सासू,” म्हणाली,
पण ब्लाउजात ठेवला, आणि एक जुडी जास्त टाकली.

विसूकाकांनी चष्मा लावला.
चेहरा पाहिला असेल, नसेल.
“ही घागर सातपूरला गेली, लग्नात,” एवढंच.
मग फोटो डाव्या कानाशी नेला,
कोपऱ्यावर नखानं टिचकी मारली,
थांबले,
परत एक मारली,
आणि नवी घागर पुढ्यात ओढली.