आठ सापडत नाही

पाच चाळीसला मालकाचा मेसेज येतो:
ई-पंच्याऐंशी अकरा सेंटनी उतरव, साधं तसंच ठेव.
ग्लेन वेस्टरगार्ड तिकडे डे मॉइनला
अंथरुणातूनच अंगठ्याने भाव पाडतो.
इकडे आयोवाच्या या टोकाला, मॅनलीच्या फाट्यावर,
मी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढते,
आकड्यांची पेटी काखेत, बारा फुटी काठी खांद्यावर,
आणि निघते भाव उतरवायला.

वारा आज कारखान्याकडून.
आंबलेल्या मक्याचा वास,
थेट आंबोळीचं पीठ उतू गेल्यासारखा.
पहिल्या वर्षी मी उठून ओट्यावरचं पातेलं बघून आले होते.

पिवळ्या नळीपाशी लाव्हर्न हॉफस्ट्रा.
इंजिन बंद, टोपी कानांवर, मांडीवर वही.
मी काठी उचलली की तो काच खाली घेतो.
हिशेब त्यानेच शिकवला मला:
साध्यावर गाडी शंभर मैल जाते तिथे
मक्यावर पंच्याहत्तर.
म्हणजे ते पाऊणपटीत मिळालं तरच जमतं.
तीन एकोणीसला दोन एकोणचाळीस.
वर गेलं एका सेंटनेही, की स्वस्त घेऊन महागात.

मी म्हटलं, आमच्यात दोन शब्द आहेत, स्वस्त आणि परवडणारं.
तो म्हणाला, बोर्डावर एकाचीच जागा आहे.

महिनाभर दोन एकोणपन्नास होतं.
महिनाभर त्याने तरीही पिवळी नळीच धरली,
आणि प्रत्येक टाकीमागे अडीच डॉलर
लाल शाईने लिहून ठेवले.
का, ते मी विचारलं नाही.
कारखान्याच्या रांगेत त्याचाही ट्रक असतो
एवढं मला माहीत आहे,
आणि एवढं पुरेसं नाही, हेही.

डिसेंबरात पंपावरचा स्टिकर पंच्याऐंशीच म्हणतो;
टँकर येतो तेव्हा पोटात सत्तर.
गारठ्यात इंजिनाला तेच झेपतं, कायद्यालाही चालतं.
नाव बदलायला कुणी काठी घेऊन येत नाही.
तसाच तो शेवटचा छोटा नऊ दशांश,
पत्र्यावर रंगवलेला, माझ्या आधीपासूनचा.
ग्लेनचा अंगठाही तिथपर्यंत पोचत नाही.

चार काढला. तीन चढवला.
नऊ काढला, आणि पेटीत आठच नाही.
तीन आहेत पाच, शून्यं ढीगभर,
सहा उलटा करून नऊ होतो,
आठ उलटा केला तरी आठच, पण आधी तो असायला हवा.
मग आठवलं: ऑक्टोबरातलं वादळ,
डिझेलच्या बाजूला पडलेला आठ,
आणि त्याच्यावरून गेलेला अठराचाकी.

फोन लावला.
ग्लेन झोपेतून: सात आहे?
आहे.
मग सात लाव.

शिकागोचा वायदा, कुठल्या कुठल्या समुद्रातलं तेल,
वॉशिंग्टनची कलमं, मक्याचं यंदाचं पीक,
एवढ्यांनी मिळून भाव दोन अडतीसपर्यंत आणला,
आणि शेवटचा सेंट पाडला
एका फुटक्या प्लास्टिकने.

आत जाऊन किल्ली फिरवली, पंपालाही सात सांगितला.
लाव्हर्नने टाकी काठोकाठ भरली,
मग काउंटरवर वही उघडून उभा राहिला.
खिशातून निळं पेन काढलं.
गिरवलं, झटकलं, तोंडाजवळ नेऊन फुंकलं.
महिनाभर न लागलेली शाई सुकली होती.
मी माझं दिलं.
त्याने आकडा लिहिला, खाली रेघ मारली,
पेन त्याच्याच खिशात गेलं.
मी काही बोलले नाही.

माझ्या गाडीच्या टाकीचं झाकण काळं आहे, पिवळं नाही.
तिला मका चालत नाही.
दोनला सुटल्यावर मी साधंच भरते,
तीन एकोणीसने, दहा डॉलरचं,
आणि तो छोटा नऊ
माझ्याही पावतीवर येतो.