मवाळ

त्रिलोकेकरबाई आल्या तेव्हा बंदूक बेडशीटमध्ये होती,
बेडशीटवर निळी बदकं,
आणि पोलीस कमिशनर ऑफिसचा कागद सेफ्टी पिनेने टाचलेला:
बोअर लहान करण्यास हरकत नाही.
तिथला कारकून म्हणे तीनदा विचारत होता,
लहान का? लोक मोठं मागायला येतात.

एकबारी. खालची कडी ओढली
की ठोकळा बसतो, तोंड उघडतं,
एक घास घेते, मिटते.
दुसरा हवा तर पुन्हा भरवा.
अब्बा म्हणायचे, हिच्यापुढे विचार आधी करायचा,
नंतरचा काय, सगळेच करतात.
नळी एवढी रुंद की नातीने करंगळी घातली
आणि साबण लावून काढावी लागली.

दणका सोसवेल का, मी विचारलं.
बाईंनी उजव्या खांद्यावर हात ठेवला.
आत आता धातूची वाटी आहे, मापारी,
तुमच्यासारख्याच कुणीतरी घासूनपुसून बसवलेली.
दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून मला ती चालवायची नाही.
मवाळ करा. कागदाला भोक पडलं तरी पुरे.

माझगावच्या आमच्या गाळ्यात
जहालाचं मवाळ करायचं म्हणजे
पोकळीत पोकळी बसवायची,
बांबूत बोरू सरकवावा तशी.
लेथवर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी लाइट गेली.
चौथ्या दिवशी गोदीचा भोंगा वाजला
आणि माझा हात केसभर हलला.
पुन्हा पहिल्यापासून.

ठोकणीने फार छळलं.
शंभर वर्षं ती मधोमध मारत आली,
काडतुसाच्या काळजावर.
या बारक्या काडतुसाचं काळीज काठाला असतं.
तेवढं बाजूला सरकायला तिला शिकवलं.
म्हातारपणी सवय बदलणं
तुम्हाला तरी कुठे जमलंय, बायको म्हणाली,
आणि चहा ठेवून गेली.

मग दस्ता. अक्रोडाचा.
पॉलिश पेपर घेऊन बसलो नि थांबलो.
लाकूड उजव्या अंगाला झिजलेलं,
गालाच्या तेलाने काळं, आरशासारखं.
उजव्या खांद्यावर धरणाऱ्याचा गाल तिथे पोचत नाही.

फोन केला. वडील डावखुरे होते का?
छे, म्हणाल्या, बाबा उजवे.
मग बराच वेळ नुसता त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज.
आई, म्हणाल्या.
तिला सासरी डाव्या हाताने जेवू देत नसत.
आणि ठेवता ठेवता:
शिकारीच्या सगळ्या फोटोंत
ती मागे छत्री धरून उभी आहे हो.

तेवढ्या जागी मी पेपर लावला नाही.
बाकी दस्ता घासला, अळशीचं तेल सात वेळा मुरवलं,
ती जागा नुसती फडक्याने पुसली.
बिलात हे कुठल्या रकान्यात लिहितात
मला माहीत नाही, लिहिलं नाही.

रविवारी वरळीच्या रेंजवर
पहिला बार पापड मोडावा तसा वाजला.
शेजारच्या पोराने कानावरचं काढून पाहिलं,
फुसका?
मवाळ, बाई म्हणाल्या.

गोळी कागदालाही लागली नव्हती.
उजवीकडे त्या जागा शोधत राहिल्या,
वाटी दुखत असावी, तोंडाने बोलल्या नाहीत.
मग बंदूक डावीकडे नेली, गाल टेकवला.
खालच्या कडीच्या बंदुकीला डावं-उजवं नसतं.
माझी दुर्बीण कागदावर होती,
त्यांच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.
दुसरी पांढऱ्यात. तिसरी कुठे गेली कळलं नाही.
सातवी काळ्या वर्तुळात,
जरा डावीकडे.

मक्खी सरकवू का? मी विचारलं.
राहू दे, म्हणाल्या,
आणि न वळता हात मागे केला
पुढच्या काडतुसासाठी,
डावा.