बेरजेचं चिन्ह

आठच्या मिस्सानंतर
मी आल्तारावरचं मेण खरवडत होतो,
तेव्हा कौस्तुभ भोगटे चपला बाहेर काढून आत आला.
इथे काढाव्या लागत नाहीत, म्हटलं.
असू दे काका, देवाचं घर, म्हणाला
आणि खिशावरचा पक्षाचा बिल्ला उलटा केला,
सुई बाहेर.

त्याच्या हातात मरोळ गावठाणाची यादी.
नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा: कुठे चंद्रकोर, कुठे ॐ,
आमच्यापुढे बेरजेचं चिन्ह.
क्रूस काढायला वेळ नसेल मिळाला.

तुमचं ते जाड रजिस्टर, तो म्हणाला, नुसते फोटो काढतो.
कुणाचा बाप्तिस्मा कधी, कोण कुवेतला,
कुणाची पोर अठराची झाली.
वाढदिवसाला मेसेज जाईल, नाताळला केक.
फादरनी एका रविवारी फक्त म्हणायचं, मतदान करा.
कुणाला, ते आम्ही गेटबाहेर सांगू.
आणि दफनभूमीपर्यंत पेव्हर ब्लॉक,
कंपाउंडची भिंत, सगळं बघतो.

फादर आन्सेल्म वसईला गेलेत, मी म्हटलं.
फादर मागच्या खोलीत होते,
झगा अर्धा उतरवून, श्वास धरून.

मग त्याने पान उलटलं.
हे बघा, तुमच्या घरात दोन मतं.
इनास परेरा.
खाली सेसिल इनास परेरा, स्त्री, वय अडुसष्ट.

माझ्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात,
ती एकसष्टला थांबलीय.
सात वर्षं कुणीतरी सरकारी माणूस
न चुकता तिचं वय वाढवत आलाय.
फोटो काळपट, पण टिकली नसलेलं ते कपाळ तिचंच.

फॉर्म भरला की नाव जातं काका. भरू?

रजिस्टर मी कपाटात ठेवलं. कुलूप लावलं.
त्या एका पानाची झेरॉक्स मात्र मागून घेतली.
त्यानेही दिली, मागे स्वतःचा नंबर लिहून.
ती कुठल्या वहीत ठेवायची ते ठरेना;
अजून तांदळाच्या डब्याखाली आहे.

भिंत पडायला आलीय रे, फादर संध्याकाळी म्हणाले.
एवढंच. मग आम्ही दोघांनी तिला बांबूचा टेकू दिला.

वसईचं खोटं मी कुमसारात सांगितलं.
मत कुणाला दिलं, ते नाही सांगितलं.
त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवशी आमच्याच शाळेत, दुसरी ब च्या वर्गात,
भिंतीवरच्या क्रूसावर कुणी तरी वर्तमानपत्र चिकटवलं होतं,
क्रूसाचा आकार तसाच दिसत होता.
टेबलामागच्या बाईंनी माझ्या नावावर रेघ मारली,
बोट एक ओळ खाली सरकलं.

मिसेस?

आली नाही, म्हटलं.
आणि शाईसाठी बोट पुढे केलं.