मुरलेलं

डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच पुस्तक उघडलं.
त्यांच्या जन्माआधीचं औषध ते,
नाव वाचताना जीभ दोनदा अडखळली.
मीच म्हणून दाखवलं: फेनेल्झिन.
जुन्या शेजारणीचं नाव घ्यावं तसं,
जिच्याशी भांडण झालं नव्हतं,
बरं वाटू लागल्यावर नुसतं जाणं-येणं सुटलं.

तेवीस वर्षं.

मधल्या काळात नव्या गोळ्या पाच झाल्या.
एकीने झोप नेली, एकीने चव,
एकीने रडणंही नेलं
आणि त्या जागी काही ठेवलं नाही.
शेवटची सोडल्यावर चौदा दिवस रिकामे ठेवायचे होते,
ती अंगातून पुरती उतरल्याशिवाय
ही घ्यायची नाही म्हणे.
चौदा दिवस. सान्दोय बेटावर, डिसेंबरात,
जिथे सूर्य दहाला येतो आणि तीनला आवरतं घेतो.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.
बाइनिर बोटीची किल्ली खिशात ठेवून झोपायचा.
मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

खोका डेन्मार्कहून जहाजाने आला,
मग समुद्राखालच्या बोगद्यातून आमच्यापर्यंत.
गोळ्या तशाच नारिंगी.
माझे केस तेवढे पांढरे.

सोबत यादी. फ्रिजवर चिकटवली.
जुनं चीज नको, पिंपातली बिअर नको,
वाळवलेलं, आंबवलेलं, खारवलेलं नको.
थोडक्यात, जे जे मुरलंय ते सगळं वर्ज्य.

बाइनिरने ती दोनदा वाचली,
मग खिडकीतून खोपटाकडे बघितलं.
फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या, आत टांगलेली आमची मेंढरं,
ऑक्टोबरपासून खारा वारा त्यांना मुरवतोय.
आमच्याकडे हिवाळा म्हणजे तोच वास,
लग्नाला तोच, मयताला तोच.

मला हसू यायला हवं होतं.
अठ्ठावन्न वर्षांची मी,
तिशीपासून अंगात मुरलेलं दुखणं,
त्यावर उतारा जुनापुराणा,
आणि त्याला मात्र सगळं ताजं हवं!

तेव्हापासून बाइनिर ताजा कॉड उकडतो,
सोबत बटाटे, वर नुसतं लोणी.
स्वतःचं मांस खोपटातच खातो, उभ्याने,
टोपी कानांवर ओढून, गारांचा मारा ऐकत,
आणि घरात पाऊल टाकण्याआधी
बाहेरच्या नळावर दात घासतो.
एकोणतीस वर्षांच्या संसारात
प्रेमाबद्दल तो याहून जास्त बोललेला नाही.

पहिला आठवडा. काही नाही.
उठलं की घेरी, भिंत धरून न्हाणीपर्यंत.
दुसरा. काही नाही.
रात्रभर टक्क जागी. छताला एकवीस फळ्या आहेत.
सुन्नीवाचा फोन: "लागू पडतंय का गं?"
मी म्हटलं, हवामान वाईट आहे.

भीती दुसरीच होती, ती कुणाला सांगितली नाही.
नवं औषध फसलं तर आणखी नवं येतं.
जुनं फसलं
तर मागे काय उरतं?

सव्विसावा दिवस, मंगळवार.
शेगडीपाशी मोजे वाळत घालत होते.
वारा फिरला असावा.
दाराच्या फटीतून तो वास आत आला,
उग्र, कुबट, ओल्या चामड्यासारखा,
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

एक मोजा हातात, मी तशीच उभी.
कित्येक महिन्यांत काही हवंसं वाटलं नव्हतं,
ना पाव, ना ऊन, ना उद्या.
आणि वाटलं ते नेमकं हेच,
ज्याला हात लावायचा नाही.

बाइनिर आत आला, दाढी ओली.
"मला खावंसं वाटतंय," मी म्हटलं. "एवढासा तुकडा."
"मिळणार नाही," तो म्हणाला,
आणि त्या यादीला डोकं टेकून
असा काही रडायला लागला
की खुर्ची मलाच ओढून द्यावी लागली.