खाल्ल्या मिठाला

ओक रिजमध्ये, क्लिंच नदीवरचं धुकं
अजून रस्त्यात रेंगाळत होतं
तेव्हा आम्ही टोपली वर काढली.
तीन हजार तास. सातशे अंश.
आरगॉनच्या काचपेटीत, काळ्या जाड हातमोज्यांत हात खुपसून
डेल्बर्ट हेन्सलीने चिमट्याने एकेक पट्टी
पांढऱ्या फडक्यावर मांडली,
लग्नघरी चमचे मोजून घ्यावेत तशी.
"लखलखतायत," तो म्हणाला, "काही झालेलं नाही यांना."

गंज नव्हताच.
गंज तांबूस, खरखरीत, बोटांना लागणारा,
फाटकाच्या बिजागरीवर असतो, पिंपाच्या बुडाशी असतो,
निदान चुगली तरी करतो.
इथे हवा नाही, ओल नाही.
वितळलेलं मीठ फक्त, पाण्यासारखं निवळशार,
नळीतून गरम बाजूने चढणारं, गार बाजूने उतरणारं.

तागडी म्हणाली: पावणेदोन मिलिग्रॅम कमी.
म्हणजे साखरेचे तीन दाणे.

मग कापून, घासून, भिंगाखाली:
कडेपासून आत, कणाकणाच्या शिवेवर
बारीक पोकळ्या, ओळीने,
वाळवीने चौकट शाबूत ठेवून लाकूड खावं तशा.
निकेल जागेवर. मॉलिब्डेनम जागेवर.
शंभरात सातच भाग होतं क्रोमियम,
नेमकं तेवढं निवडून नेलं होतं.

आमच्याकडे म्हणतात, डेल्बर्ट,
ज्याचं मीठ खावं त्याला जागावं.
"आणि मीठच आपल्याला खात असलं तर?"
मी म्हटलं, त्याला म्हण नाही.

आई सांगायची, पातेल्याची कल्हई गेली
की त्यात ताक ठेवू नये, कळकतं.
तीन हजार तासांनी मीठही किंचित हिरवट झालेलं,
भांड्याची चव लागलेलं.
कळकलं हा शब्द अहवालात कुठे लिहिणार?
मी लिहिलं: रंगात अल्प बदल.

तोड आहे एक, जुनीच.
मिठाची भूक आधी दुसऱ्या कशावर भागवायची.
बेरिलियमची कांडी तारेला बांधून आत सोडायची,
पंगतीआधी काकबळी ठेवतात तशी.
घास तिकडे गेला की भांडं वाचतं.
त्या कांड्या डेल्बर्टने एकवीस वर्षं घडवल्या.
सुरुवातीला तर मागच्या शेडमध्ये, कानशीने घासत,
भुकटी साध्या फडक्याने पुसत,
फडकं झटकत.

आता तो जिन्याच्या मध्यावर थांबतो.
बुटाची नाडी बांधायला वाकतो.
त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

नॉक्सव्हिलच्या डॉक्टरने दिलेली छातीची फिल्म
त्याने परवा माझ्या टेबलावरच्या उजेडाला धरली.
"तुला सवय आहे. वाच."
बारीक ठिपके होते. मी बराच वेळ पाहिलं.
हा माझा विषय नाही, मी म्हटलं,
आणि फिल्म त्याच्या हातात देताना
तिची कड नीट धरली, बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून.

पट्ट्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना असतो, शेरा.
बाह्यतः अबाधित, असं लिहितात सगळे.
मीही दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
दुपारी रकाना कोराच होता.

कॅन्टीनमध्ये मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण.
बाहेर पार्किंगवर ऊन आलेलं, धुकं कधी गेलं कळलं नाही.
"पुढची टोपली सोमवारी सोडू," तो म्हणाला,
"पाच हजार तास. मी असेन."
मग मिठाची बाटली उचलली,
ताटलीवर उलटी धरून दोनतीनदा झटकली,
नेहमीपेक्षा जरा जास्तच,
आणि माझ्याकडे बघून
डोळा मारला.